मन छिन्न होतें म्हणजे काय?

घरांत कोणास ताप आला म्हणजे काय करावयाचें तें घरांतील मंडळींस शिकवावें लागत नाहीं. कपाळावर हात ठेवला जातो, तापमापक काढला जातो, आणि दोन दिवसांत उतार न पडल्यास डॉक्टरांस बोलावणें जातें. परंतु एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, कालपर्यंत कॉलेजांत नीट शिकत असलेला, जेव्हां हळूहळू खोलीचें दार लावून बसूं लागतो, रात्र रात्र जागतो, स्नान टाळतो, मित्रांस तोडतो, आणि विचारलें असतां तुटक उत्तरें देतो, तेव्हां त्या घराची मति गुंग होते. वडील म्हणतात, आळशी झाला. आई म्हणते, कोणाची दृष्ट लागली. मामा म्हणतात, प्रेमप्रकरण असावें. शेजारी म्हणतात, परीक्षेचा धसका घेतला. प्रत्येकाच्या म्हणण्यांत थोडें तथ्य दिसतें, आणि त्या थोड्या तथ्याच्या आधारावर महिने निघून जातात, कधीं कधीं वर्षेंहि जातात. पुढें एके दिवशीं तो मुलगा जेवणाचें ताट दूर लोटून सांगतो कीं, यांत विष कालविलेलें आहे; आणि मग घरांत हलकल्लोळ होतो. रोग मात्र त्या दिवशीं आलेला नसतो. तो कधींचाच घरांत येऊन बसलेला असतो.

या रोगाचें पाश्चात्त्य नांव स्किझोफ्रेनिया. मराठींत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें साऱ्या जगांत सव्वादोन ते अडीच कोटि माणसें या रोगानें पीडलेलीं आहेत. म्हणजे दर ३०० ते ३५० माणसांमागें एक असें प्रमाण पडतें. साठ-सत्तर बिऱ्हाडांच्या एखाद्या चाळींत किंवा सोसायटींत असा एक तरी रोगी असावा, असें हें गणित सांगतें. आणि तरीहि त्या चाळींतील माणसांस विचारलें तर ‘आमच्याकडे तसलें कोणी नाहीं’ असेंच उत्तर येईल. मधुमेहाचा रोगी घरांत असल्याचें लोक चारचौघांत सांगतात, किंबहुना थोड्या अभिमानानेंहि सांगतात. हा रोगी मात्र पाहुणे आले कीं आंतल्या खोलींत धाडला जातो. पुरुषांत हा रोग बहुधा १८ व्या वर्षापासून पंचविशीपर्यंत डोकें वर काढतो. स्त्रियांत तो कांहीं वर्षें उशिरां दिसूं लागतो, आणि थोड्या स्त्रियांना तर पंचेचाळिशीच्या आसपास प्रथमच गांठतो. ज्या वयांत शिक्षण पुरें होऊन नोकरीचा व लग्नाचा विचार व्हावयाचा, नेमका त्याच वयावर त्याचा डोळा असतो.

त्याचीं लक्षणें कांहीं गाजावाजा करणारीं असतात आणि कांहीं मुकीं. गाजावाजा करणाऱ्यांत पहिलें लक्षण म्हणजे आवाज. आसपास कोणी नसतां रोग्यास बोलणें ऐकूं येतें. कोणी त्यास नांवानें हांक मारतें, कोणी शिव्या देतें, कोणी हुकूम सोडतें. पुष्कळदां दोघे-तिघे त्याच्याविषयीं आपसांत बोलत असतात, आणि ‘आतां हा उठला, आतां पाणी पितो आहे, आतां खिडकीकडे गेला’ असें त्याच्या प्रत्येक हालचालीचें वर्णन करीत असतात. ‘तुला भास होतो आहे’ असें सांगितल्यानें त्याचें समाधान होत नाहीं, आणि तें न होणें हेंच स्वाभाविक आहे. कारण त्याच्या दृष्टीनें तो आवाज समोरच्या माणसाच्या आवाजाइतकाच खरा असतो. मेंदूचीं चित्रें घेणाऱ्या यंत्रांनीं असें दाखविलें आहे कीं, हे आवाज ऐकूं येत असतांना रोग्याच्या मेंदूंतील वाणीचीं व श्रवणाचीं केंद्रें खरोखरच कामांत गुंतलेलीं असतात. एक उपपत्ति अशी आहे कीं, प्रत्येक मनुष्य मनांतल्या मनांत स्वतःशीं बोलत असतो, आणि तें बोलणें आपलेंच आहे अशी खूण निरोगी मेंदू त्यावर करून ठेवतो. या रोगांत ती खूण पुसली जाते आणि स्वतःचेंच बोलणें परक्याचें होऊन कानांवर येतें. ही उपपत्ति सर्वांस मान्य झालेली नाहीं. पण रोगी खोटें बोलत नाहीं, एवढें तरी तिच्यावरून चांगलें समजतें.

दुसरें लक्षण भ्रमाचें. आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे, आपले विचार कोणी काढून घेतें, परके विचार डोक्यांत घालतें, किंवा आपल्या मनांतलें सगळें जगाला ऐकूं जातें, अशी रोग्याची खात्री होते. युक्तिवादानें ती हालत नाहीं. भ्रमाचा विषय मात्र काळाबरोबर बदलतो, ही मोठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयांत जेम्स टिली मॅथ्यूज नांवाचा एक रोगी होता. त्याची हकीकत जॉन हॅस्लम यानें १८१० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. शत्रूंची एक टोळी जवळच कोठें तरी हवेचा माग चालविते आणि त्यांतून निघणाऱ्या वायूंनीं आपल्या मनाचा ताबा घेते, असें मॅथ्यूज म्हणे. तो काळ इंग्लंडांत कापडाच्या गिरण्यांचा होता. पुढें रेडिओ आला तेव्हां रोग्यांना रेडिओंतून संदेश येऊं लागले. आज ते मोबाइलांतून आणि भिंतीवरील कॅमेऱ्यांतून येतात. खेड्यांतील रोग्यास करणी आणि भानामती दिसते. रोगाचा सांचा तोच. त्यांत ओतला जाणारा माल भोंवतालच्या जगांतून येतो.

मुकीं लक्षणें याहून वाईट. इच्छा आटते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, बोलणें दोन-चार शब्दांवर येतें, माणसांत मिसळावेंसें वाटत नाहीं. लक्ष ठरत नाहीं. पानाच्या शेवटास जाईपर्यंत आरंभ विसरला जातो. हुशार मुलाचे गुण एकाएकीं घसरले तर त्यास उनाड ठरविण्याची शिक्षकांस घाई होते. तो रात्रीं झोंपतो कीं नाहीं एवढें त्याच्या घरीं विचारावयाचें मात्र राहून जातें. आवाज व भ्रम औषधानें पुष्कळ अंशीं हटतात. हा थिजलेपणा औषधास फारशी दाद देत नाहीं. आणि घरच्यांचा राग नेमका याच लक्षणावर असतो. पाय मोडलेल्या माणसास कोणी आळशी म्हणत नाहीं. पण ज्याची इच्छाशक्तिच मोडली आहे त्यास सकाळीं दहा वाजतां अंथरुणांत पाहून घरांतील वडील माणूस तोंडसुख घेतल्यावांचून राहत नाहीं.

एक-दोन लक्षणांवरून कोणीं घरबसल्या निदान करूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, अपस्मार, मेंदूंतील गांठ, गांजासारखे अमली पदार्थ, अतिशय तीव्र खिन्नता, यांतहि भास व भ्रम होऊं शकतात. जिवलग माणूस गेल्यावर त्याची हांक ऐकूं येणें, हा तर रोगच नव्हे. रक्ताची अशी एकहि तपासणी नाहीं कीं जिच्यावरून छिन्नमनस्कता ठरवितां येईल. इतर कारणें तपासांतीं बाजूस सारून, लक्षणें निदान एक महिना टिकलीं आहेत असें पाहून, आणि रोग्याचा व घरच्यांचा साद्यंत वृत्तांत ऐकून मनोविकारतज्ज्ञ तें ठरवितात. घरच्यांनीं त्यांच्यापुढें कांहीं लपविलें तर निदानच लंगडें होतें.

नांवाविषयीं थोडें विस्तारानें सांगावयास हवें, कारण या नांवानें रोग्यांचें नुकसान झालें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यांनीं या रोगाचीं लक्षणें एकत्र आणून त्यास जें लॅटिन नांव योजिलें त्याचा अर्थ ‘अकालीं येणारा बुद्धिभ्रंश’ असा होतो. उन्माद व खिन्नता आळीपाळीनें येणाऱ्या रोगापासून त्यांनीं तो १८९९ सालीं स्पष्टपणें वेगळा काढला. हा रोगी बहुतेक उतरणीलाच लागतो, अशी त्यांची समजूत होती. झूरिचच्या बुर्गहोल्ट्स्ली रुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉइलर यांनीं रोग्यांस फार जवळून पाहिलें. त्यांना पुष्कळ रोगी सुधारतांना दिसले, आणि बुद्धि नष्ट होते हें म्हणणें त्यांस पटेना. १९०८ सालीं बर्लिन येथील एका व्याख्यानांत त्यांनीं स्किझोफ्रेनिया हा नवा शब्द सुचविला आणि १९११ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्या शब्दांत चिरणें आणि मन अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडलेले आहेत. विचार, भावना आणि कृति यांचा जो गोफ निरोगी मनांत विणलेला असतो त्याचे पदर सुटतात, एवढेंच ब्लॉइलर यांना म्हणावयाचें होतें. लोकांनीं मात्र त्याचा अर्थ ‘एका देहांत दोन माणसें’ असा केला, आणि नाटक-सिनेमांनीं तो पक्का केला. दिवसा सज्जन व रात्रीं खुनी अशा माणसाशीं या रोगाचा कांहीं संबंध नाहीं. मराठी शब्दांतहि ‘छिन्न’ आहेच, त्यामुळें तोच गैरसमज येथेंहि चालत आला. जपानांत या रोगाचें नांव ‘मन फाटण्याचा रोग’ अशा अर्थाचें होतें. रोग्यांच्या कुटुंबियांनीं तें बदलण्याची मागणी केली, आणि २००२ सालीं ‘सुसूत्रता बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचें नवें नांव स्वीकारण्यांत आलें. डॉक्टर तेव्हांपासून रोग्यास त्याच्या रोगाचें नांव अधिक मोकळेपणानें सांगूं लागले, हा त्या बदलाचा प्रत्यक्ष लाभ.

हे रोगी घातकी असतात, ही समजूतहि तशीच. बहुतेक रोगी कोणाच्या अंगावर जात नाहींत. उलट तेच दुसऱ्यांच्या मारहाणीस, लुबाडणुकीस अधिक बळी पडतात. धोका असतो तो अधिक त्यांच्या स्वतःच्याच जिवास. रोगी जगण्याचा वीट आल्याचें बोलूं लागला तर तें बोलणें कधींहि हंसण्यावारीं नेऊं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

रोग होतो कशानें? एकच कारण बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे. आई किंवा बाप यांपैकीं एकास रोग असल्यास मुलास तो होण्याचा संभव शेंकडा १० च्या आसपास असतो. एकसारख्या जुळ्यांपैकीं एकास असेल तर दुसऱ्यास होण्याचा संभव निरनिराळ्या पाहणींत शेंकडा ३३ पासून ५० पर्यंत आढळला आहे. म्हणजे ज्यांचा जनुकांचा वारसा एकच अशा भावांतहि निदान निम्मे सुटतातच. तेव्हां वारशाखेरीज आणखी कांहीं असलें पाहिजे. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांनीं पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट अडविली; त्या दुष्काळाच्या ऐन कडाक्यांत ज्या गर्भांची सुरुवात झाली, त्यांच्यांत पुढें मोठेपणीं हा रोग सुमारें दुप्पट आढळला. बाळंतपणांतील अडचणी, कोंवळ्या वयांतील गांजाचें व्यसन, मोठ्या शहरांतील वास्तव्य, परदेशीं स्थलांतर, यांचाहि थोडाथोडा भार त्यांत पडतो. आईच्या वागणुकीचा मात्र पडत नाहीं. १९४८ सालीं फ्रीडा फ्रॉम-राइखमान या विदुषीनें आईच्या थंड व हुकमी वागण्याकडे बोट दाखविलें, आणि पुढें कित्येक वर्षें अमेरिकेंतील आया हा कलंक सोशीत राहिल्या. नंतरच्या संशोधनांत त्यास आधार मिळाला नाहीं. आपल्याकडे सासरचीं माणसें सुनेच्या माहेरावर याच तऱ्हेचा आरोप करतात, त्यास तर कोणाच्या ग्रंथाचाहि आधार नाहीं.

उपचारांचा इतिहास सांगण्यासारखा आहे, पण सारा अभिमानानें सांगण्यासारखा नाहीं. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नांत मानफ्रेड साकेल यांनीं इन्सुलिन टोंचून रोग्यास बेशुद्धींत घालण्याची पद्धत पुढें आणली. १९३५ सालीं पोर्तुगालमध्यें एगास मोनिझ यांनीं मेंदूच्या पुढील भागांतील तंतु छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि तीबद्दल त्यांना १९४९ सालचें नोबेल पारितोषिकहि मिळालें. त्या शस्त्रक्रियेनें हजारों रोगी शांत झाले खरे, पण विझलेला दिवा शांत असतो तसे. १९३८ सालीं रोममध्यें निघालेला विजेच्या झटक्यांचा उपचार तेवढा टिकला. आज तो भूल देऊन आणि निवडक रोग्यांसच दिला जातो.

खरा पालट झाला तो अनपेक्षित वाटेनें. फ्रान्समधील ऱ्होन-पूलांक कंपनींत १९५० च्या डिसेंबरांत पॉल शार्पांत्ये यांनीं क्लोरप्रोमाझीन हें द्रव्य तयार केलें. आंरी लाबोरी नांवाचे एक शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास स्वस्थ ठेवील असें औषध शोधीत होते. त्यांना असें दिसलें कीं, यानें रोगी गाढ झोंपत नाहीं, पण भोंवतालच्या गोष्टींविषयीं निर्विकार होतो. १९५२ सालीं पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयांत झां दले व प्येर दनिकेर यांनीं तें मनोरुग्णांस देऊन पाहिलें, आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेंतील वेड्यांच्या इस्पितळांचा आरडाओरडा निवळला.

याच सुमारास दुसरें एक औषध भारतांतून तिकडे गेलें. सर्पगंधेचें मूळ बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणून पूर्वापार ठाऊक होतें. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं तें वेडावर व रक्तदाबावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं त्याच्या रक्तदाबावरील गुणांविषयीं १९४९ सालीं ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकांत लेख लिहिला, तेव्हां पाश्चात्त्यांचे डोळे तिकडे वळले. आणि १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळांतून रिझर्पीन हें शुद्ध द्रव्य वेगळें काढलें. तें मनोरुग्णांसहि कांहीं वर्षें देण्यांत आलें. पण त्यानें रक्तदाब फार उतरे, कांहींना खिन्नता येई, आणि क्लोरप्रोमाझीनपुढें तें मागें पडलें. (या मुळाची पूड आजहि कोणी घरच्या घरीं देऊं पाहील तर त्यानें तसें करूं नये.) तथापि त्याचें मोठें कार्य पुढेंच व्हावयाचें होतें. स्वीडनमध्यें आर्विड कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांना रिझर्पीन दिलें, तेव्हां ससे निपचित पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा हें द्रव्य टोंचतांच ते थोड्याच वेळांत उठून हिंडूं लागले. अशा प्रयोगांवरून डोपामीन हें मेंदूंतील एक स्वतंत्र संदेशवाहक रसायन आहे असें त्यांनीं दाखविलें, आणि १९६३ सालीं असें अनुमान मांडलें कीं, क्लोरप्रोमाझीनसारखीं औषधें अशा रसायनांचे संदेश स्वीकारणारीं द्वारें अडवितात. २००० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. डोपामीनचा जोर मेंदूच्या कांहीं भागांत वाढला म्हणजे क्षुल्लक गोष्टींसहि भलताच अर्थ चिकटतो, असें आज मानतात. वर सांगितलेल्या मुक्या लक्षणांचा उलगडा मात्र त्यानें पुरता होत नाहीं. एका भारतीय मुळीच्या मदतीनें या रोगाचें रसायन प्रथम उलगडूं लागलें, हें आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठें तरी यावयास हरकत नव्हती.

रोगाची गति पाहावयाची तर अमेरिकन गणिती जॉन नॅश यांचें उदाहरण घ्यावें. तें सर्वांस ठाऊक आहे आणि पुष्कळदां चुकीचें सांगितलें जातें. १९२८ सालीं जन्मलेल्या नॅश यांनीं १९५० सालीं प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९५९ च्या आरंभीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रांतून आपणांस गुप्त संदेश येतात असें त्यांना वाटूं लागलें. लाल नेकटाय घातलेले लोक एका कटांतले आहेत असें दिसूं लागलें. पुढें इस्पितळांच्या वाऱ्या, इन्सुलिनचे उपचार, नोकरीचा त्याग, घटस्फोट. कित्येक वर्षें ते प्रिन्स्टनच्या आवारांत भटकत आणि फळ्यांवर गूढ आंकडे लिहीत. एवढा तर्कशुद्ध माणूस असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवूं शकला, असें एका सहकाऱ्यानें विचारलें असतां त्यांनीं जें उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, गणितांतील कल्पना ज्या वाटेनें मनांत येत त्याच वाटेनें याहि आल्या, म्हणून यांनाहि तितकेंच खरें मानलें. भ्रम म्हणजे काय हें याहून नेमकें क्वचितच कोणीं सांगितलें असेल. घटस्फोट घेतलेल्या पत्नी अलिशिया यांनीं १९७० सालीं त्यांस पुन्हा आपल्या घरांत थारा दिला, विद्यापीठानें आवारांतील वावर नाकारला नाहीं, आणि १९८० नंतरच्या वर्षांत रोग हळूहळू ओसरत गेला. १९९४ सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. २००१ सालीं त्या दोघांनीं पुन्हा विवाह केला. आणि २०१५ सालीं नॉर्वेंत ॲबेल पारितोषिक घेऊन परत येतांना मोटार-अपघातांत दोघांचाहि अंत झाला. त्यांच्यावरील हॉलिवुडच्या चित्रपटांत आपण नवीं औषधें घेत असल्याचें वाक्य त्यांच्या तोंडीं घातलें आहे. वस्तुतः १९७० नंतर त्यांनीं औषध घेतलें नव्हतें.

परंतु एकानें पूर पोहून पार केला म्हणून इतरांनीं नाव सोडून देण्यांत शहाणपण नाहीं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत २०१२ सालीं ६५ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा २७ जणांचा रोग वर्षभरांत उलटला. औषधाऐवजीं नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६४ जणांचा उलटला. औषध सोडण्याचें एक कारण असें कीं, आपण आजारी आहों हेंच रोग्यास पटत नाहीं. हा हट्ट नव्हे, तें रोगाचेंच अंग आहे. दुसरें कारण म्हणजे औषधांचा जाच. जुन्या औषधांनीं हात कांपतात, अंग ताठतें, एका जागीं बसवत नाहीं. नव्यांपैकीं कित्येकांनीं वजन व रक्तांतील साखर वाढते. या तक्रारी खऱ्या असतात, आणि त्या ऐकून डॉक्टरांनीं औषध किंवा त्याचें प्रमाण बदलणें हेंच योग्य. रोज गोळी घेण्याचा ज्यास कंटाळा येतो त्यास महिन्यांतून एकदां टोंचावयाचीं औषधें आहेत. इतर औषधें हरलीं तर क्लोझापीन उपयोगीं पडतें. मात्र त्यानें क्वचित् रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावें लागतें. २०२४ सालीं अमेरिकेंत, डोपामीनचीं द्वारें न अडवितां निराळ्या मार्गानें काम करणाऱ्या एका औषधास प्रथमच मान्यता मिळाली आहे.

येथें एका घरगुती युक्तीविषयीं बोललें पाहिजे. रोगी औषध घेत नाहीं म्हणून पुष्कळ घरांतून तें चहांत किंवा भाजींत कालवून देतात. हेतु मायेचा असतो, यांत शंका नाहीं. पण ज्याचा भ्रमच असा कीं घरचीं माणसें आपल्या अन्नांत कांहीं घालतात, त्याच्या अन्नांत घरच्यांनीं खरोखरच कांहीं घालावें, आणि तें एखादे दिवशीं त्याच्या नजरेस पडावें! त्यानंतर तो त्या घरांत पाणीहि निःशंकपणें पिणार नाहीं, आणि त्यास वेडा म्हणण्याचा अधिकारहि घरच्यांस उरणार नाहीं. डॉक्टरांस अडचण उघड सांगितली तर टोंचण्याच्या औषधासारखे सरळ मार्ग निघतात.

घरचें वातावरण रोग निर्माण करीत नाहीं, पण तो उलटविण्यास हातभार लावतें. लंडनमध्यें जॉर्ज ब्राउन यांनीं व पुढें १९७६ सालीं क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनीं बरे होऊन घरीं गेलेल्या रोग्यांचा मागोवा घेतला. जेथें सतत टीका होई, वैरभावाचें बोलणें होई, किंवा रोग्याच्या प्रत्येक श्वासावर काळजीची पाळत असे, त्या घरांत रोग पुष्कळ अधिक वेळां उलटला. तिसरी गोष्ट आपल्याकडील आयांनीं विशेष लक्षांत घ्यावी. काळजीनें कासावीस होणें हेंहि रोग्यास ओझेंच होतें. याच मापानें चंडीगडच्या आसपासचीं कुटुंबें तपासलीं, तेव्हां टीकेखोर घरें लंडनपेक्षां कमी आढळलीं. याचा अभिमान बाळगतांना तीं कुटुंबें बरींचशीं खेड्यांतील होतीं हें विसरूं नये. शहरांतील दोन खोल्यांत, मार्कांच्या आणि पगाराच्या चढाओढींत, तें प्रमाण तसेंच राहिलें असेल असें समजण्याचें कारण नाहीं. रोगी आवाजांविषयीं बोलूं लागला तर त्यास खोटें पाडूं नये आणि होकारहि देऊं नये. ‘मला तो आवाज ऐकूं येत नाहीं, पण तुला त्याचें भय वाटतें आहे हें दिसतें’ एवढें बोलणें पुरतें. झोंप कमी होणें, संशय वाढणें, खोलीचें दार पुन्हा लागूं लागणें, हीं रोग उलटण्याचीं पूर्वचिन्हें घरच्यांस इतर कोणाहि आधीं दिसतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटांत अशा रोग्याच्या बहिणीची जी ओढाताण दाखविली आहे, तिच्यांत अनेक घरांना आपलें चित्र दिसलें.

‘लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल’ हा सल्ला देणारे वडीलधारे अद्याप सर्वत्र आहेत. लग्न हें औषध नव्हे. नव्या संसाराचा ताण, चारचौघांची धांवपळ, आणि सासरच्यांस कळूं नये म्हणून बंद केलेल्या गोळ्या, यांनीं कित्येकांचा रोग मांडवपरतणीच्या आंतच उलटतो. आणि एका घराचें दुःख दोन घरांचें होतें. बरे होऊन संसार करणारे रोगी पुष्कळ आहेत. पण तेथें दुसऱ्या बाजूस आधीं सर्व कांहीं सांगितलेलें असलें पाहिजे. लपवून लावलेलें लग्न ही सरळ सरळ फसवणूक होय, मग ती कितीहि प्रतिष्ठित घराण्यांत होवो.

देवाधर्माच्या ठिकाणीं रोग्यास नेणें ज्यास बरें वाटतें त्यानें न्यावें. औषध मात्र थांबवूं नये आणि रोग्यास बांधूं नये. तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आसपास अशा रोग्यांसाठीं खासगी निवारे चालत. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे त्यांपैकीं एकास आग लागली. रोगी साखळदंडांनीं जखडलेले होते. त्यांतील २८ जण मरण पावले. १९१२ च्या वेड्यांविषयींच्या कायद्याच्या जागीं १९८७ सालीं नवा कायदा आला होता, पण त्यानें त्या साखळ्या तोडल्या नव्हत्या. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलांत आला. त्यानें रोग्यास साखळीनें बांधणें व भूल न देतां विजेचे झटके देणें या दोन्ही गोष्टींस बंदी केली. सरकारी खर्चानें उपचार मिळण्याचा हक्क दिला. आणि आपण पुन्हा आजारी पडल्यास उपचार कसे व्हावे व आपल्या वतीनें कोणीं बोलावें हें बरें असतांनाच लिहून ठेवण्याची मुभा रोग्यास दिली. विम्याच्या बाबतींतहि मनाचा रोग शरीराच्या रोगाप्रमाणेंच धरावा असें त्यांत सांगितलें आहे. २०१६ च्या अपंगांविषयींच्या कायद्यानें अशा रोग्यास प्रमाणपत्र व त्याबरोबरच्या सवलती मिळूं शकतात. महाराष्ट्रांत पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. ज्यास प्रथम कोणाशीं तरी नुसतें बोलावयाचें असेल त्यानें केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून विनामूल्य आहे, तेथें रात्रंदिवस मराठींतहि बोलतां येतें. आणि फोन रोग्यानेंच केला पाहिजे असें नाहीं, घरच्यांनीं केला तरी चालतो.